कोळशाची रेषा आणि सूर्याचा चौकोन : प्रभाकर पाचपुते यांच्या चलत्‌चित्रांच्या निमित्ताने

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तेथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांमधून निघणारी काळी धूळ रात्रीतून गच्च्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि तुळशीच्या पानांवर उतरते, ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. कोरबा आणि रायगढ या जिल्ह्यांतील कोळसा राजधानीच्या सामान्य रहिवाशाला प्रत्यक्ष दिसत नाही. तो त्याच्यापर्यंत पोहोचतो एक तर विजेच्या रूपाने, नाही तर या काजळीच्या रूपाने. पहाटे गच्चीवर गेलेल्या पोराने त्या काजळीतून बोट ओढले की फरशीवर एक पांढुरकी रेषा उमटते. कोळशाने काढलेले आणि कोळसा पुसून काढलेले असे हे एकाच वेळी दुहेरी चित्र असते. कोळसा-समाजाच्या कलेविषयी विचार करताना या साध्या अनुभवापासून आरंभ करणे सोयीचे ठरते, कारण ज्या कलाकृतींचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे त्यांची मूळ प्रक्रिया लावणे आणि पुसणे हीच आहे.

कोळशावर पोसलेल्या वस्त्यांचे अक्षय ऊर्जेकडे होणारे स्थित्यंतर हा गेल्या दीड-दोन दशकांत दृश्यकलेचा एक मान्यताप्राप्त विषय झाला आहे. संगणकनिर्मित प्रतिमा, प्रक्षेपित चलत्‌चित्रे, ड्रोनने टिपलेली खाणींची दृश्ये, आकडेवारीचे रंगीत नकाशे अशी त्याची नाना रूपे आहेत. यांपैकी बहुसंख्य कलाकृती ज्या देशांत खाणी बंद झाल्या आहेत तेथे निर्माण झाल्या. तेथे स्थित्यंतर भूतकाळात जमा आहे आणि कला त्याची स्मृती जागवते. भारतात, विशेषतः चंद्रपूर ते कोरबा या पट्ट्यात, परिस्थिती निराळी आहे. 2021 च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे भारताने 2070 पर्यंत निव्वळ-शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. आणि 2024 मध्ये कोरबा जिल्ह्यातील गेवरा या खुल्या खाणीला वार्षिक 7 कोटी टन उत्पादनापर्यंत विस्ताराची पर्यावरणीय मंजुरी मिळाली. म्हणजे येथे एक युग संपून दुसरे सुरू होत नसून दोन्ही एकाच वेळी वाढत आहेत. मराठीत यासाठी ‘ऊर्जा-संक्रमण’ असा शब्द रूढ होऊ लागला आहे. संक्रमण हा मुळात सूर्याच्या राश्यंतराचा शब्द. मकरसंक्रांतीला तीळगूळ वाटणाऱ्या समाजाला सूर्याकडे वळण्यासाठी याहून समर्पक शब्द मिळाला नसता. अडचण एवढीच की पंचांगातील सूर्य एका राशीतून बाहेर पडल्याखेरीज दुसरीत प्रवेश करीत नाही.

या पार्श्वभूमीवर मराठी भाषक कलावंतांपैकी ज्यांच्या कामाकडे प्रथम वळावे लागते ते प्रभाकर पाचपुते होत. त्यांचा जन्म 1986 चा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावचा. वर्धा नदीच्या एका तीरावर बल्लारपूर आणि दुसऱ्या तीरावर, राजुरा तालुक्यात, सास्ती. दोन्हीकडे जमिनीखाली कोळसा. राजुरा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचा चांदा मध्यप्रांतात. कोळशाच्या थराने मात्र ही सीमा कधीच मानली नाही. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर या भागातील खाणी पुढे वेस्टर्न कोलफील्ड्‌स लिमिटेडकडे, म्हणजे विदर्भाच्या बोलीतील ‘वेकोलि’कडे आल्या. पाचपुते यांच्या कुटुंबातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या या खाणींत काम करीत आली. त्यांचे शिल्पकलेचे पदवीशिक्षण झाले ते मुंबईत वा नागपुरात नव्हे, तर खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात. 1956 साली खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन उभे केलेले हे विद्यापीठ रायपूरच्या पश्चिमेस आहे. पुढे त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतले.

खैरागढचा हा उल्लेख चरित्रात्मक टिपणापुरता नाही. छत्तीसगढ आणि मराठी यांचा संबंध सांगताना रतनपूरचे बिंबाजी भोसले, माधवराव सप्रे यांचे 1900 साली पेंड्रा येथून निघालेले ‘छत्तीसगढ मित्र’, राजनांदगावच्या महाविद्यालयात 1958 पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध अशी नावे घेण्याची प्रथा आहे. हा सर्व संबंध प्रशासन, पत्रकारिता आणि साहित्य यांचा, म्हणजे लिहित्या-वाचत्या मराठी माणसाचा आहे. खाणकामगाराच्या घरातून आलेला, मातीत हात घालून शिल्प शिकणारा मराठी विद्यार्थी त्या यादीत बसत नाही. मराठीतील कामगारसाहित्याचेही असेच झाले. गिरणगावाला कवी मिळाला, कथाकार मिळाले, नाटककार मिळाले. वेकोलिच्या खाणी मात्र मराठी साहित्याच्या कडेला राहिल्या. हिंदीत संजीव यांची ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी झरियाच्या परिसरातून आली. मराठीत त्या तोलाचे नाव चटकन आठवत नाही, आणि मराठी खाणकामगाराचे सर्वांत सलग चित्रण शोधू गेल्यास ते शब्दांत न सापडता कोळशाने रेखाटलेल्या भिंतींवर सापडते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे.

2012 साली मुंबईच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह येथे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे त्यांचे पहिले महत्त्वाचे एकल प्रदर्शन झाले. खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कामगार पिंजऱ्यात घालून नेत असलेल्या पक्ष्याचे नाव त्याला होते. त्यानंतर 2014 मध्ये साओ पाउलो, 2015 मध्ये इस्तंबूल, 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे आशिया पॅसिफिक त्रैवार्षिक, 2021 मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ आणि 2022 मध्ये व्हेनिस असा या कामाचा प्रवास झाला. प्रवासाची ही यादी भारदस्त असली तरी ती येथे गौण आहे. महत्त्वाची आहे ती सामग्री.

मराठीत ‘कोळसा’ हा एकच शब्द दोन पदार्थांसाठी वापरला जातो. जमिनीतून निघतो तो दगडी कोळसा. लाकूड अर्धवट जाळून होतो तो लाकडी किंवा लोणारी कोळसा. चित्रकार रेषा काढतो ती दुसऱ्याने. पाचपुते दगडी कोळशाची गोष्ट लाकडी कोळशाने सांगतात. झाड कोट्यवधी वर्षे दबून राहिले की पहिला तयार होतो, आणि काही तास जळले की दुसरा. दोन्ही झाडाचेच अवशेष. त्यामुळे त्यांच्या भिंतींवर विषय आणि माध्यम यांत अंतर उरत नाही. कामगार ज्या वस्तूने माखलेला असतो तिच्याच सख्ख्या भावंडाने तो रेखाटलेला असतो. हे नाते भाषेतच दडलेले असल्याने मराठी प्रेक्षकाला ते न सांगता कळावे, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाविषयी वापरतो. चित्रकाराचा अनुभव नेमका उलट आहे. कोळसा कागदावर किंवा भिंतीवर उगाळला, बोटाने पसरला, कापडाने झटकला की काळ्यापासून धुरकट पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांची एक अखंड साखळी तयार होते. पाचपुते यांच्या चित्रांतील खाण म्हणूनच निव्वळ काळी नाही. तिच्यात धूळ आहे, पहाट आहे, मातीच्या ढिगाऱ्यांचे उतार आहेत, डंपरच्या मागे उडणारा लोट आहे. खाणजीवनाची बहुतेक छायाचित्रे ठळक काळ्या-पांढऱ्याच्या आहारी जातात आणि कामगाराला दुःखाचा पुतळा करून टाकतात. करड्याचा वापर या मोहापासून बऱ्याच अंशी वाचवतो.

त्यांच्या चलत्‌चित्रांचे तंत्र स्टॉप-मोशनचे आहे. एक आकृती काढायची, तिचे छायाचित्र घ्यायचे, तिचा काही भाग पुसून किंचित बदलून पुन्हा काढायचा, पुन्हा छायाचित्र. अशी शेकडो चित्रे संगणकावर ओळीने लावली की हालचाल दिसते. कोळशाचा गुण असा की तो पूर्ण पुसला जात नाही. हात वर उचललेल्या माणसाच्या मागे आधीच्या खाली असलेल्या हाताचा डाग राहतो. चालणारी आकृती आपल्यामागे आपलीच पुसट रांग सोडत जाते. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांनी हे तंत्र जगासमोर आणले, आणि त्यांच्या 1991 मधील ‘माइन’ या लघुपटाशी तुलना अटळ आहे. तेथे खाणमालक सोहो एकस्टाइन अंथरुणात न्याहारी करीत असतो. कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या तो खाली दाबतो आणि दट्ट्या ताटातून, पलंगातून, जमिनीच्या थरांतून खाणीच्या तळापर्यंत उतरत जातो. केंट्रिज यांचा कॅमेरा असा मालकाच्या पलंगापासून खाली जातो. पाचपुते यांच्याकडे मालक जवळजवळ दिसतच नाही. सार्वजनिक क्षेत्रातील खाणीला चेहऱ्याचा मालक नसतो. असतात ती कार्यालये, परिपत्रके, भूसंपादनाच्या नोटिसा. त्यामुळे त्यांच्या चित्रात सत्ता माणसाच्या रूपाने न येता कामगाराच्या शरीरातच शिरते. त्याच्या मस्तकाच्या जागी दिवा येतो, घर येते, अवजार येते, यंत्राचा भाग येतो. डोंगराला पाय फुटतात. जमीन चालू लागते.

मस्तकाच्या जागी वस्तू बसविण्याची ही युक्ती प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण सास्तीच्या संदर्भात तिचा अर्थ फार वास्तव आहे. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात साधारणतः दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे प्रमाण आहे, आणि जमिनीच्या बदल्यात नोकरी हा व्यवहार त्यापूर्वीही या भागाच्या परिचयाचा होता. शेतकरी जमीन देतो आणि त्याचा मुलगा खाणीत लागतो. ज्या जमिनीवर आजोबांनी कापूस घेतला तीच नातू यंत्राने उकरतो. अशा माणसाच्या खांद्यांवर शेत आहे की खाण, हे सांगता येत नाही. ते दोन्ही असते. व्हेनिस येथे मांडलेल्या ‘अनफोल्डिंग ऑफ द रिमेन्स-2’ (2022) या भव्य कॅनव्हासमध्ये उपसून टाकलेल्या भूमीतून अर्धे सजीव, अर्धे अवशेष असे आकार उठतात. ते पाहताना अतिवास्तववादाच्या युरोपीय परंपरेची आठवण करून देणारे समीक्षक पुष्कळ आहेत. राजुरा-बल्लारपूरच्या रस्त्याने एकदा जाऊन आलेला माणूस त्या कॅनव्हासला फार तर किंचित अतिशयोक्त म्हणेल.

येथपर्यंत प्रशंसा करणे सोपे आहे. प्रश्न सुरू होतो तो त्यापुढे. कोळशाचे हे चित्र सौरऊर्जेच्या प्रदेशात शिरू शकते काय?

2021 च्या ‘आर्टेस मुंडी’ प्रदर्शनासाठी पाचपुते यांनी वेल्सच्या खाणकामगारांच्या आणि भारतीय श्रमिकांच्या निषेध-परंपरा एकत्र आणल्या. ‘रॅटलिंग नॉट’ (2020) सारखी चित्रे आणि निशाणांच्या आकाराचे कॅनव्हास तेथे होते. त्या वर्षीचा पुरस्कार सहाही कलावंतांना विभागून देण्यात आला. कार्डिफ हे एके काळी कोळशाच्या निर्यातीवर वाढलेले बंदर. 1984-85 च्या संपानंतर वेल्समधील खोल खाणी एकामागून एक बंद झाल्या. ‘बिग पिट’ ही खाण 1983 पासून संग्रहालय म्हणून पाहता येते, आणि 2024 च्या 30 सप्टेंबरला ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्रही थांबले. तेथील प्रेक्षकाच्या दृष्टीने कामगारांचे निशाण ही वारशाची वस्तू आहे. चंद्रपूरच्या कामगाराच्या दृष्टीने ते उद्याच्या मोर्चाचे साहित्य आहे. एकाच कॅनव्हासवर हे दोन काळ एकत्र आणण्यात कल्पकता आहे यात शंका नाही. पण त्यांची गाठ इतकी सहज बसते की दोहोंतील तणाव काहीसा निसटतो. वेल्समध्ये खाण बंद झाल्याचे दुःख होते. हसदेवमध्ये खाण सुरू होण्याचे आहे. निशाणाचा आकार सारखा असला तरी त्यावरची मागणी उलटी आहे.

हा मुद्दा किंचित विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण ‘कोळसा-समाज’ ही संज्ञा वापरणारे लेखन त्याकडे डोळेझाक करते. छत्तीसगढमध्ये कोळशाशी बांधलेले दोन समाज आहेत. एक कोळशावर जगणारा : कोरब्याचा खाणकामगार, ठेकेदाराचा मजूर, डंपरचालक, चहाच्या टपरीवाला. दुसरा कोळशाच्या वर राहणारा : सरगुजा-कोरब्याच्या हसदेव अरण्यातील गोंड आणि इतर आदिवासी ग्रामस्थ, ज्यांच्या साल आणि मोहाच्या झाडांखाली थर सापडला. 2021 च्या ऑक्टोबरात हा दुसरा समाज सरगुजा जिल्ह्यातील फत्तेपूरहून सुमारे 300 किलोमीटर चालत रायपुरात आला. 26 जुलै 2022 रोजी छत्तीसगढ विधानसभेने हसदेवमधील खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. 2023 च्या डिसेंबरात परसा ईस्ट केते बासन खाणीच्या पुढील टप्प्यासाठी पोलिस बंदोबस्तात वृक्षतोडही झाली. आंदोलनाचे संयोजक आलोक शुक्ला यांना 2024 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. या सर्व काळात मोबाइलवरून फिरलेली रेखाचित्रे, पोस्टरे, गाण्यांच्या चित्रफिती, झाडाला मिठी मारलेल्या बायांची छायाचित्रे ही डिजिटल लोककलाच होती, असे म्हणावे लागते. तिच्यात कर्त्याचे नाव नव्हते, कलादालन नव्हते, मूल्यमापन करणारा समीक्षक नव्हता. आणि तिच्यात सौरपट्टही नव्हता. वन टिकावे, ही तिची मागणी; कोळशाऐवजी कोणती वीज, हा प्रश्न तिचा नव्हताच. कोळशावर जगणाऱ्याला मात्र हाच प्रश्न सकाळ-संध्याकाळ पडतो. स्थित्यंतराची कला या दोघांपैकी कोणाची, हे ठरविल्याशिवाय तिच्याविषयी बोलणे मोघम होते. पाचपुते यांची भूमी पहिल्या समाजाची आहे, हे त्यांच्या कामाचे बळही आहे आणि मर्यादाही.

आता सौरप्रतिमेकडे. राजनांदगाव जिल्ह्यात 100 मेगावॅटचा सौरप्रकल्प 40 मेगावॅट क्षमतेच्या बॅटरी-साठवणीसह उभा राहिला. 2024 च्या फेब्रुवारीत त्याचे लोकार्पण झाले. सूर्य मावळल्यावरही काही काळ सूर्याचीच वीज देता यावी ही त्यामागील योजना. मुक्तिबोधांनी जेथे राहून आपल्या उत्तरायुष्यातील दीर्घ कविता लिहिल्या, ज्यांत भुयारे, बावड्या, काळोखाच्या पायऱ्या पुनःपुन्हा येतात, त्याच परिसरात आता काळोखासाठी ऊन साठवून ठेवले जाते, हा योगायोग साहित्याच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येण्याजोगा नाही. परंतु या प्रकल्पासारख्या स्थळांची जी चित्रे प्रसृत होतात ती पाहिली की एक गोष्ट जाणवते. निळसर काळे चौकोन, त्यांच्या सरळ रांगा, वर स्वच्छ आकाश. माणूस नाही. असलाच तर पिवळ्या शिरस्त्राणातला एक अभियंता, दूर बोट दाखवीत. कोळशाच्या चित्रात शोषण होते, पण शरीरही होते; सूर्याच्या चित्रातून शोषणाबरोबर शरीरही गेले आहे.

हे केवळ चित्रणाचे वैगुण्य नाही, वस्तुस्थितीच तशी आहे. एक मेगावॅट सौरविजेला ढोबळमानाने चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे 100 मेगावॅटला किमान 400 एकर. कोळशाच्या ‘दोन एकरांमागे एक नोकरी’ या हिशेबाने एवढी खाजगी जमीन गेली असती तर 200 घरांत कायमची पगारी नोकरी आली असती. सौरप्रकल्पासाठी असा कोणताही ठरलेला हिशेब नाही. उभारणी संपली की देखरेखीला मोजकी माणसे पुरतात. कोळसा-समाजाच्या दृष्टीने स्थित्यंतराचा गाभा येथे आहे. हवा स्वच्छ होईल हे त्याला मान्य आहे, दम्याने खोकणारा बाप त्याच्या घरातच असतो. पण जमिनीच्या बदल्यात मिळणारे ते शिरस्त्राण, ज्यावर मुलीचे लग्न, घराची फरशी, नातवाचे शिक्षण उभे होते, त्याच्या जागी काय, याचे उत्तर निळ्या चौकोनात नाही. पाचपुते यांच्या मस्तकहीन कामगाराकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले तर त्याचे रिकामे खांदे निराळे वाटू लागतात. उद्या तेथे काय बसणार, याची ती वाट पाहत असलेली जागा आहे.

तथापि त्यांचे काम त्या उंबरठ्यावर थांबते. त्यात भूमीचा विध्वंस आहे, प्रतिकार आहे, शेतकरी आहे (ब्रिस्बेनच्या कामात शेतकऱ्यांच्या मोर्चाची प्रेरणा स्पष्ट आहे). सौरऊर्जेचा कामगार मात्र नाही. हा दोष म्हणावा काय? कलावंताने आपल्या काळाच्या पुढचे चित्र काढलेच पाहिजे असा आग्रह धरणे हे समीक्षेचे काम नव्हे. तरीही एक आक्षेप नोंदवावा लागतो. रूपकाची सवय जडली की कामगार हा ‘कामगार’ होतो. त्याचे गाव, बोली, हजेरी-रजिस्टरावरील त्याचा क्रमांक, तो कायम की ठेकेदारीवर, हे तपशील गळत जातात. साओ पाउलोच्या प्रेक्षकाला ते नकोच असतात. शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात साहित्यमूल्याचा विचार मानुषतेशी जोडला, त्या दिशेने पाहिले तर प्रश्न असा होतो : मस्तकाच्या जागी वस्तू बसलेल्या आकृतीत मानुषता अधिक तीव्र होते की हळूहळू शैली बनून जाते? आरंभीच्या भिंतीवरील रेखाटनांत ती तीव्र आहे. नंतरच्या काही भव्य कॅनव्हासांत ती शैलीच्या जवळ जाते, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

अधिकृत दृश्यसंस्कृतीने दरम्यान आपले उत्तर शोधले आहे. सूरजपूर जिल्ह्यात बिश्रामपूरच्या बंद पडलेल्या खुल्या खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर केनापारा हे पर्यटनस्थळ झाले. तेथे नौकाविहार होतो, मासे पाळले जातात. नागपूरजवळ सावनेरला वेकोलिने उद्यान केले आणि खाण-पर्यटनही सुरू झाले. या स्थळांचा उपहास करण्याचे कारण नाही. सुटीच्या दिवशी कोळसा-वस्तीतील बायका-मुलेच तेथे होडीत बसतात, आणि त्यांना ते आवडते. पण खड्ड्याचे तळे होताना खड्डा कसा झाला हे पाण्याखाली जाते. कोळशाची रेषा जशी पुसल्यावर डाग ठेवते तसे पाणी ठेवत नाही.

डिजिटल माध्यमाविषयीचा शेवटचा प्रश्नही येथूनच निघतो. संगणकाच्या पडद्यावर पुसलेले पूर्ण पुसले जाते. तेथे काजळी नाही, बोटाला काही लागत नाही. स्थित्यंतराविषयीच्या संगणकनिर्मित कलाकृतींत खाण विरघळून पवनचक्क्या उगवण्याचे जे दृश्य पुनःपुन्हा येते, ते इतके गुळगुळीत असण्याचे हे एक कारण आहे. माध्यमाला अवशेष ठेवता येत नाहीत. शिवाय ते माध्यम विजेवर चालते. भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर गेला हे खरे. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. 2025 च्या मे महिन्यात नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या विदा-केंद्राची पायाभरणी झाली. कोळशाला निरोप देणारी चित्रफीत ज्या प्रक्षेपकावर दाखवायची तो बहुधा कोळशावरच चालत असतो. पाचपुते यांच्या चलत्‌चित्रांना हा विसंवाद तुलनेने कमी बाधतो, कारण ती संगणकात जन्मत नाहीत. हाताने काढलेली आणि हाताने पुसलेली चित्रे तेथे केवळ ओळीने उभी राहतात. त्यातील प्रत्येक चौकटीत धूळ शिल्लक असते.

प्रतिमेखेरीज आवाजाचीही एक डिजिटल परंपरा या प्रदेशात आहे, तिची दखल कलासमीक्षेने घेतलेली नाही. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमात साध्या मोबाइलवरून फोन करून गोंडी, छत्तीसगढी, हिंदीत आपली गोष्ट किंवा गाणे नोंदवता येई आणि इतरांना ऐकता येई. चित्रात जे नाव गळते ते आवाजात टिकते : बोलणारा आधी आपले नाव सांगतो, गाव सांगतो, मग हातपंप बंद असल्याचे सांगतो. पाचपुते यांच्या मस्तकहीन आकृतींना असा आवाज जोडला तर काय होईल, ही कल्पना मोहक आहे, पण ती समीक्षकाची, कलावंताची नव्हे.

सूर्याच्या चित्रात शरीर कोठे सापडेल, याची एक खूण मात्र जवळच आहे. 1 नोव्हेंबर 2016 रोजी नवा रायपूर येथे ‘सौर सुजला’ योजनेचा आरंभ झाला आणि छत्तीसगढच्या शेतांत सौरपंप दिसू लागले. शेताच्या बांधावर उभारलेला तो लहानसा सौरपट्ट एका घराचा असतो. त्यावर धूळ बसली की पाणी कमी येते, म्हणून तो पुसावा लागतो. रायपूरच्या औद्योगिक पट्ट्याच्या आसपास त्या धुळीत काजळीही मिसळलेली असते. जुन्या लुगड्याचा ओला बोळा घेऊन ती पुसताना काचेवर प्रथम करडे ओघळ उतरतात, मग मधला भाग स्वच्छ होतो, आणि कडांना, चौकटीच्या खाचेत, काळी रेघ तशीच राहते.